विहिरीकडचा रातांबा

ज्या घरात माणसांपेक्षा झाडांच्या प्रकृतीची चौकशी जास्त होते, अशा घरात मी वाढले. सकाळी राखुंडी घेऊन विहिरीकडे गेलं की झोप लागली का, असं मला कुणी विचारायचं नाही. शेजारीण गडग्यापलीकडून ओरडायची, ‘‘मंदू, तुमच्या हापूसाक मोहोर कसो आसा गो?’’ माघ लागला की माझा काका पहाटे अंगणात उभा राहून नाक वर करून हवा हुंगायचा. धुकं पडलं की त्याचा चेहराही पडायचा, कारण धुक्यानं मोहोर काळा होतो. धुकं नसलं तर खारा वारा असायचा, वारा नसला तर तुडतुडे, तुडतुडे नसले तर अवकाळी पावसाचा शिंतोडा. आणि यातलं काहीच सापडलं नाही तर यंदा मधमाश्याच कमी फिरल्या, असं ठरायचं. माडाची बोंडं गळली तर त्याला मीठ कमी पडलं, काजू करपला तर थंडी उशिरा आली. कारणांचा आमच्याकडे तोटा नव्हता, आणि त्यातलं एकही झाडाच्या अंगावर येत नसे. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण त्याच घरात माझ्या काकीला मूल होत नव्हतं आणि त्याला मात्र एकच कारण होतं. ते कारण म्हणजे काकी. दुसरं कारण शोधायला कुणी पहाटे उठून अंगणात उभं राहिलं नाही.

आमचं गाव मालवणहून आत, खाडीच्या वरच्या अंगाला. घरात माणसं मोजकी. बाबा कचेरीत कारकून. आधी मालवणला, मग जिल्हा वेगळा झाल्यावर ओरोसला. तिकडे गेल्यापासून ते शनिवारी एसटीनं यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. आई, मी, बाबांचा धाकटा भाऊ म्हणजे काका, आणि काकी. या सगळ्यांच्या वर आक्का. आक्का ही बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर लवकरच कपाळ पांढरं घेऊन माहेरी परत आली, आणि काही वर्षांत आजी गेली तेव्हा काका पाळण्यात होता. आक्कानं त्याला वाढवलं. त्यामुळे काका तिचा भाऊ कमी आणि मुलगाच जास्त होता, आणि तिच्यापुढे त्याची मान कधी वर झाली नाही. आक्का दुष्ट नव्हती, हेही सांगून ठेवते. मला ताप आला की माझ्या उशाशी तीच बसायची, आणि माशाच्या तुकडीतला काटा काढून तीच भरवायची. पण घरात पुढच्या पिढीत मी एकटी, आणि तीही मुलगी. ही गोष्ट तिला रात्रंदिवस खात होती. आईला माझ्यानंतर दिवस राहिले नाहीत, पण निदान एक झालं म्हणून आई सुटली. सगळा भार काकीवर आला.

काकी वैभववाडीकडची, घाटाच्या पायथ्याची. तिच्या बोलण्याला थोडा वेगळा हेल होता, आणि आक्का तिला ‘घाटाखालची’ म्हणून चिडवायची. बांगड्याचं तिखलं तिला इथं येऊन शिकावं लागलं. पण रातांब्याची सोलं, म्हणजे आमसुलं, करण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. वैशाखात रातांबे पिकले की आमच्या अंगणाचा रंग बदलायचा. टोपल्याच्या टोपल्या यायच्या आणि आम्ही बायका मांडी घालून बसायचो. रातांबा दोन्ही अंगठ्यांनी फोडायचा, बी आणि गर एका भांड्यात, साल दुसऱ्यात. सालं उन्हात टाकायची, मिठातल्या रसात बुडवून पुन्हा उन्हात, असं पुटावर पुट चढवत न्यायचं. बोटं जांभळी होऊन जायची ती शाळा सुरू झाली तरी तशीच; बाई वर्गात विचारायच्या, शाई सांडलीस का गं. बिया वाळवून, कुटून, उकळून त्याचं तेल निघायचं, त्याचा गोळा पावसाळ्यात पायांच्या भेगांना. आता मी पिशवीतली सोलं दुकानातून आणते. कढीला रंग येतो, पण झाकण उघडल्यावर आमच्या अंगणाचा जो वास यायला हवा तो येत नाही. तेव्हा मी स्वयंपाकघरात उगाचच चिडचिड करते आणि घरच्यांना वाटतं म्हातारीचं काहीतरी बिनसलं.

काकीनं मला आणखी एक गोष्ट शिकवली, तिला ती ‘भोपळ्याचा लगीन’ म्हणायची. श्रावणात मांडवावर भोपळ्याचा वेल चढलेला असायचा. पाऊस असा की माशी-मधमाशी फिरकायची नाही. मग काकी पहाटे उठून नर फूल खुडायची. नर फुलाचा देठ लांब, नुसता. मादी फुलाच्या खाली चिमुकला भोपळा असतोच. नर फुलाच्या पाकळ्या सोलून, आतली पिवळं पीठ लागलेली दांडी ती मादी फुलात हलकेच फिरवायची. मी विचारलं, आपण लग्न लावलं नाही तर? तर म्हणाली, ‘‘मगे ता बाळ पिवळा पडान गळता.’’ आईला भजी करायला फुलं हवी असली की काकी ओरडायची, ‘‘ताई, सगळे नवरे तळू नको हां!’’ आणि दोघी हसत सुटायच्या. एकदा रात्रभर पाऊस पडला होता. तिनं फूल खुडलं, आत बोट लावून पाहिलं आणि गडग्यापलीकडे फेकून दिलं. ‘‘ह्येचा पीठ भिजला. ह्येच्यान काय होवचा नाय,’’ म्हणाली. त्या दिवशी मादी फुलं तशीच राहिली आणि दोन दिवसांत गळली. मी तेव्हा लहान होते. मला फुलांचं वाईट वाटलं, बाकी काही कळलं नाही.

आता विहिरीकडच्या रातांब्याविषयी. परसात आमची रातांब्याची बरीच झाडं होती, सगळी फळणारी. विहिरीकडचं मात्र सगळ्यांत उंच, गर्द, काळपट हिरवं, आणि त्याला कधी एक फळ धरलं नाही. फुलायचं तर असं की विहिरीच्या पाण्यावर फुलांचा थर साचायचा. घागर बुडवण्याआधी ती पाण्यावर हेलकावून फुलं बाजूला सारावी लागत. आक्काला ते झाड डोळ्यांपुढे नको असायचं. ‘‘फुलता तर असा, जसा काय आता घर भरून टाकतला,’’ असं म्हणून ती तोंड फिरवायची. वांझ झाड दारात असलं की घराला लागतं, अशी तिची समजूत होती, आणि ती बोलून दाखवताना काकी जवळपास आहे की नाही हे ती बघत नसे.

आमच्याकडे न फळणाऱ्या झाडाला ग्रहणात मुसळानं मारतात. मारणारी लेकुरवाळी हवी, जिच्या मांडीवर मूल खेळलं आहे अशी. ती झाडाला धमकावते, आणि दुसरी कुणीतरी झाडाच्या वतीनं गयावया करते. मी सांगते आहे ते ग्रहण दुपारचं होतं आणि मोठं होतं. सकाळपासून घरात कुणी नीट बोलत नव्हतं. जेवणं लवकर उरकली, उरलेल्या अन्नावर आणि लोणच्याच्या बरणीवर तुळशीचं पान पडलं. आक्कानं मला माजघरात बसवून खिडकी लावून घेतली. पण खिडकीच्या फळीला एक भेग होती आणि ती माझी जुनी ओळखीची होती. बाहेरचं ऊन हळूहळू आजाऱ्यासारखं झालं. कोंबड्या आपण होऊन खुराड्यात शिरल्या. झाडाखाली उन्हाचे कवडसे पडतात ना, ते सगळे चंद्रकोरीच्या आकाराचे झाले, हे मला अजून आठवतं. काका पडवीत सुंभ वळत बसला होता.

आईनं डोक्यावरून पदर घेतला आणि मुसळ उचललं. आई मुळात मऊ स्वभावाची, तिला धमकावणं जमायचं नाही. तरी तिनं खोडावर मुसळ आपटलं आणि पाठ म्हटल्यासारखं म्हणाली, ‘‘फळां धरतलंस काय नाय? नाय तर तोडून चुलीत घालतलंव!’’ झाडाच्या वतीनं बोलायचं काम काकीकडे होतं. ज्या बाईला मारता येत नाही, तिनं गयावया करायची, असाच तो वाटा होता. काकी खोडाला हात लावून म्हणाली, ‘‘मारू नको गो बाय. औंदा चुकला. फुडल्या वर्साक धरतला.’’ पुन्हा मुसळ, पुन्हा काकी. ती ते इतकं मनापासून बोलत होती की मला वाटलं झाडानं आता तरी ऐकावं.

आई मुसळ घेऊन परत फिरली, तेव्हा उंबऱ्यात उभी असलेली आक्का म्हणाली, ‘‘सुमन, हिका पण लाव गो एक.’’

आईला आधी कळलंच नाही. मग कळलं तशी ती जागेवर उभी राहिली. ‘‘आक्कानू, असा काय सांगतास?’’

‘‘काय वायट सांगलंय? झाडाक गुण येता, माणसाक येवचो नाय? हळू लाव. ग्रहण सुटाच्या आत लाव.’’

आई पडवीकडे बघत होती. तिला वाटत होतं काका काहीतरी बोलेल. काकाच्या हातातलं सुंभ थांबलं होतं, पण त्याची नजर सुंभावरच होती. मी फळीच्या भेगेला डोळा लावून होते. ओरडावं असं वाटत होतं, पण त्या घरात मुलींनी ग्रहणात ओरडायचं नसतं हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेल्या गोष्टींचं ओझं त्या वयात फार असतं. शेवटी काकीनंच सगळ्यांना सोडवलं. तिनं पदर खांद्यावर गुंडाळून घेतला, आईकडे पाठ केली आणि भात लावायला वाकतात तशी वाकली. ‘‘मार गो ताई,’’ ती म्हणाली. ‘‘जोरात मार. लागला नाय तर गुण कसो येतलो?’’ आणि हसली. आईनं मुसळ तिच्या पाठीला नुसतं टेकवलं. झाडाच्या वतीनं बोलायला काकी होती; काकीच्या वतीनं बोलायला अंगणात कुणीच नव्हतं. मग ऊन परत आलं, सगळ्यांनी आंघोळी केल्या, आणि काकीनं नेहमीसारखी चूल पेटवली.

पुढच्या वर्षी झाडाला फळ धरलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. काकीचंही तेच. आक्काची नजर रोज सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांवरून फिरायची आणि महिन्यातून एकदा तिला नको ते कळायचं. असं करता करता एका माघात, मी दहावीत असताना, जेवणाच्या पंगतीत आक्कानं जाहीर केलं की शिमग्याआधी दोन कामं उरकायची. ‘‘ता विहिरीकडचा झाड तोडूचा आणि बाबलाक दुसरी बघूची.’’ बाबल म्हणजे काका. वाढायला काकीच होती. तिच्या हातातल्या डावातला भात पानात पडला, एक शीतही बाहेर गेलं नाही. बाबा म्हणाले, ‘‘आक्का, पयली असताना दुसरी करूक कायद्यान येना नाय.’’ आक्का म्हणाली, ‘‘कायदो तुझ्या कचेरीत ऱ्हवांदे.’’ बाबांनी ताकाची वाटी तोंडाला लावली. कचेरीत लोक त्यांना घाबरून असत म्हणे. मला ते कधी खरं वाटलं नाही.

झाड तोडायला माणूस सांगितला तो रविवार होता, आणि नेमके त्याच दिवशी बाबांच्या ओळखीचे शेतीखात्यातले एक साहेब जेवायला आले होते. साहेब घाटावरचे, तरुण, चष्मा लावणारे, झाडांविषयी बोलायला मिळालं की जेवण विसरणारे. तोडणीच्या माणसानं कुऱ्हाडीला धार लावायला घेतली तो आवाज ऐकून ते हात धुऊन तसेच विहिरीकडे गेले. सगळं घर त्यांच्या मागोमाग. साहेबांनी खाली पडलेली फुलं ओंजळीत घेतली, चिमटीत धरून फोडली, मग शेजारच्या झाडाचं एक फूल तोडून तेही फोडलं.

‘‘हे झाड तोडू नका,’’ ते म्हणाले. ‘‘हे वांझ नाही. हे नर आहे.’’

कुणाला काहीच समजलं नाही. साहेबांनी दोन्ही फुलं तळहातावर ठेवून आक्काला दाखवली. एकात मधोमध हिरवी गाठ होती, दुसऱ्यात नुसते पिवळे तंतू. ‘‘रातांब्यात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. याला फळ कधीच धरणार नाही. पण याचे पराग पोचतात म्हणून तुमच्या बाकीच्या झाडांना फळं येतात. हे तोडलंत तर ती झाडं नुसती फुलतील आणि फुलं गाळत बसतील.’’

‘‘म्हंजे ह्यो बाप्यो?’’ आक्कानं विचारलं.

‘‘बाप्या,’’ साहेब हसून म्हणाले.

आणि काय सांगू, आमच्या घरात इतकं हसू मी त्याआधी आणि नंतरही ऐकलं नाही. आक्काला तर हसून ठसका लागला. ‘‘अरे मेल्या, मगे आधी नाय सांगूचा? इतकी वर्सां उगाच मार खाल्लंस!’’ ती झाडाच्या खोडावर थापट्या मारत म्हणाली. ‘‘सुमन, नारळ आण गो. फोड हेच्या मुळात. बापड्याचा काय एक चुकला नाय.’’ आईनं नारळ फोडला, पाणी मुळांत ओतलं. तोडणीच्या माणसाला चहा देऊन परत पाठवलं. शेजारीण गडग्यावरून वाकून विचारत होती काय झालं, तिलाही आक्कानंच सांगितलं. झाड बाप्या निघालं आणि एका घटकेत त्याचे सगळे गुन्हे माफ झाले. काकीही हसत होती. मी तिच्याकडेच बघत होते. ती खरोखरच हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

साहेब पडवीत येऊन बसले. काकी तांब्याभर सोलकढी आणि पेले घेऊन आली. मला त्या दिवसांत जीवशास्त्राचं नवं वारं लागलेलं. हुशारी दाखवायची हौसही होती. मी विचारलं, ‘‘साहेब, भोपळ्याच्या नर फुलाचं पीठ पावसानं भिजलं तर मादी फूल गळून जातं. झाडांचंही तसं होतं का?’’

साहेबांना आनंद झाला. ‘‘होतं तर! धुकं, पाऊस, कीड, कशानंही होतं. काही वेळा तर परागच मुळात निर्जीव असतात. मग मादी कितीही सुदृढ असू दे, फळ धरायचं नाही. लोक काय करतात, फळ नाही म्हणजे दोष मादीचा असं धरून चालतात. खरं तर आधी पराग तपासायला हवेत.’’

ते बिचारे भोपळ्याविषयी बोलत होते. त्यांना आमच्या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण पडवीत एकदम असं झालं की विहिरीवरच्या रहाटाची वाऱ्यानं होणारी करकर ऐकू येऊ लागली. आई माझ्याकडे बघत होती, आक्का जमिनीकडे. काकी पेल्यात कढी ओतत होती, ती तिनं सांडू दिली नाही, पेला अगदी काठापर्यंत भरला. काका उठला, खुंटीवरचं सुंभाचं वेटोळं घेतलं आणि विहिरीकडे निघून गेला. पहिल्यांदा बोलले ते बाबा. म्हणाले, ‘‘साहेब, अजून थोडी कढी घ्या.’’ आणि आक्का उठताना म्हणाली, ‘‘झाडांचा सगळा वेगळाच आसता.’’

संध्याकाळी मी काकीला परसात गाठलं. ‘‘काकी, ऐकलंस मां साहेब काय म्हणाले ते?’’

‘‘ऐकलंय गो. सगळ्यांनीच ऐकला.’’

‘‘मगे?’’

‘‘मगे काय? झाडाच्या वतीन बोलाक साहेब इलो.’’ ती सुकलेल्या झावळा गोळा करत होती. ‘‘तू अभ्यास कर. तुजी परीक्षा आसा.’’

आईनं मात्र त्या दिवशी तिच्या स्वभावाबाहेर जाऊन एक प्रयत्न केला. स्वयंपाकघरात ती बाबांना म्हणाली, ‘‘भावजींका एकदा कुडाळाक डॉक्टराकडे घेवन जावा.’’ बाबा म्हणाले, ‘‘मी कसा सांगू तेका? भाव आसा तो माजो.’’ आईनं विचारलं, ‘‘आणि ती कोण आसा?’’ सोमवारी पहाटेच्या एसटीनं बाबा ओरोसला गेले. मी आज त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे. बाबांना काय ते नक्की कळलं होतं. कळल्यानंतर करायचं काय हे घरात कुणालाच येत नव्हतं, एवढंच मी त्यांच्या बाजूनं म्हणू शकते, आणि तेही मनापासून म्हणवत नाही.

दुसरं लग्न शिमग्यानंतर देवळात झालं, ताशाशिवाय. मुलगी पलीकडच्या गावातली, आई नसलेली, माझ्याहून जेमतेम मोठी. तिला आम्ही धाकली काकी म्हणू लागलो. काकीचा भाऊ वैभववाडीहून तिला न्यायला आला होता. तो अंगणात उभा, काकी टोपलीत रातांबे निवडत बसलेली. ‘‘थय येवन काय करू रे? माजी सोलां हय आसत,’’ ती म्हणाली. त्यानं पुष्कळ समजावलं, मग तो जेवून परत गेला. काका त्या दिवसांत कुणाशी बोलत नसे. मालवणच्या बाजाराला गेला की पूर्वी काकीला खाजं आणायचा. आता दोन पुड्या आणायचा, दोन्ही उंबऱ्यावर ठेवायचा आणि बागेत जायचा. त्याचं काकीवर प्रेम होतं, यात मला कधी शंका आली नाही. म्हणून तर मला त्याचा जास्त राग यायचा.

धाकलीला काकीनंच हाताखाली घेतलं. पुट कसं द्यायचं, साल किती कडक झाली की थांबायचं, बियांचं तेल कधी उतरवायचं. सुरुवातीला ती काकीला इतकी घाबरायची की तिच्यासमोर जेवायची नाही. मग एका श्रावणात मी दोघींना मांडवाखाली पाहिलं. काकी मादी फूल धरून उभी आणि धाकली नर फूल फिरवते आहे. दोघी हसत होत्या. नवे रातांबे भरपूर येत होते, विहिरीकडचा बाप्या आपलं काम चोख करत होता. घरात मूल झालं नाही. धाकलीलाही नाही, काकीला तर नाहीच. हे आताच सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच वाट बघत राहायला नको. आम्ही ती पुष्कळ बघितली. आक्काची नजर पुन्हा वाळत घातलेल्या कपड्यांवर फिरू लागली, आता दोन लुगड्यांवरून.

मी शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला कोल्हापूरला गेले होते आणि सुट्टीत घरी आले होते, तेव्हाची शेवटची गोष्ट. त्या दिवशी चंद्र उगवला तोच ग्रहण घेऊन. तिन्हीसांजेची वेळ, माडांमागे तांबूस, खाल्ल्यासारखा चंद्र. मी आता मोठी, मला कुणी माजघरात कोंडलं नाही. आक्का फार थकली होती, तिला धड दिसत नव्हतं, पण आवाज तसाच होता. ती मुसळाचा आधार घेत अंगणात आली आणि आईला म्हणाली, ‘‘झाडां ऱ्हवांदेत. हिका लाव.’’ हिका म्हणजे धाकलीला.

आईनं हात पदराखाली घेतले. ‘‘आक्कानू, माज्यान होवचा नाय,’’ ती म्हणाली. या वेळी ती बोलली. आक्का मग स्वतःच मुसळ उचलू लागली. ते तिला पेलत नव्हतं. आणि धाकलीनं, कुणी काही सांगायच्या आत, पदर खांद्यावर गुंडाळून घेतला आणि पाठ फिरवली. तिला हे कुणी शिकवलं, मला माहीत नाही. मी पुढे होणार होते. काय करणार होते तेही ठाऊक नव्हतं. फळीच्या भेगेमागे उभी असल्यासारखी मी नुसती बघत होते.

काकी चुलीपुढून उठून आली. तिनं आक्काच्या हातातून मुसळ काढून घेतलं. ग्रहणात त्याला हात लावायचा तिला हक्क नव्हता, आणि आजवर तिनं तो लावलाही नव्हता. मला वाटलं, आता ती ते विहिरीत फेकणार. पण ती धाकलीजवळून पुढे गेली, अंगण ओलांडून पडवीपर्यंत गेली. काका तिथं सुंभ वळत बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

काकानं वर पाहिलं. मग त्यानं सुंभ खाली ठेवलं, पायरी उतरून अंगणात आला, तिच्याकडे पाठ केली आणि वाकला. काकीनं मुसळ त्याच्या पाठीला टेकवलं, आईनं तिच्या पाठीला टेकवलं होतं तितकंच हळू.

‘‘जोरात मार,’’ काका म्हणाला. ‘‘लागला नाय तर...’’

काकीनं मारलं नाही. मुसळ तसंच त्याच्या पाठीला लावून ती उभी राहिली, आणि आम्ही बाकीच्या बायका अंगणात ग्रहण सुटायची वाट बघत उभ्या राहिलो.